आज त्यांच्या घरी काय शिजलं असेल?

नलिनीबाई मुखेडकरांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. जामबागेतल्या आमच्या मराठी शाळेत चौथीचे दोन वर्ग होते आणि दोन्हींच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. मी नवीनच लागले होते. पहिल्याच दिवशी, शेवटच्या तासाला, मी गुणाकार शिकवत असताना पलीकडून एक बसका, शांत आवाज आला, "आज त्यांच्या घरी काय शिजलं असेल?" माझ्या वर्गातल्या एका मुलीने हात वर केला आणि उत्तर दिलं, "खट्टी दाल." माझ्या गुणाकाराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं हे मला तेव्हा कळलं. शाळा सुटल्यावर मी आडोशाच्या पलीकडे गेले, तर बाई फळा पुसत होत्या. "तुमच्या पोरांनाही भूक लागते वाटतं," त्या म्हणाल्या. आमची ओळख ही अशी झाली.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या सत्कार समारंभासाठी निघणाऱ्या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला आहे 'बाईंचं शैक्षणिक कार्य'. हे शब्द ऐकले तर बाई उठून आत चहा टाकायला जातील. म्हणून मी फक्त त्यांच्या एका पुस्तकाबद्दल लिहिते. ते त्यांनी लिहिलेलं नव्हे, त्यांनी शिकवलेलं.

ती एक मुलांची कादंबरी होती. अभ्यासक्रमात नव्हती. तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेली ती एकच प्रत बाईंच्या टेबलावर असे आणि मधल्या सुट्टीत कोणीही हात लावला तरी चालत असे. गोष्ट साधी. वडिलांचं काम सुटतं, आई शिवण शिवते, तीन भावंडं आहे त्यात भागवतात. शेवटी लॉटरी लागत नाही की श्रीमंत मामा येत नाही. बाई रोज शेवटच्या तासाला एक प्रकरण वाचत आणि मग एकच प्रश्न विचारत, जो मी आडोशापलीकडून ऐकला होता. मुलं सांगतील ते फळ्यावर लिहीत. एखाद्याने घरच्या सवयीने साराच्या ऐवजी 'चारू' म्हटलं तर चारूच लिहीत. मी एकदा विचारलं, "तात्पर्य नाही का विचारत?" त्या म्हणाल्या, "तात्पर्य परीक्षेत लिहितील. इथे त्यांना त्या घरात जेवायला बसू द्या."

पहिल्या दिवशी मुलांनी बिर्याणी सांगितली होती म्हणे. "वडिलांचं काम सुटलंय ना रे? मग बिर्याणी कुठून?" एवढंच बाई म्हणाल्या. हळूहळू मुलं भाकरी आणि चटणीवर आली.

ते दिवस सगळीकडे नवं नवं येण्याचे होते. गल्लीगल्लीत केबल आली, दुकानांत थंड पेयांच्या नव्या बाटल्या आल्या आणि आमच्या पटावरची मुलं इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढू लागली. त्याच दिवसांत जुने कारखाने माणसं घरी बसवत होते. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. स्वेच्छा कोणाची, ते विचारायची पद्धत नव्हती.

बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. तिला इथे वैशाली म्हणू. एका बुधवारी प्रकरण संपल्यावर बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि वैशाली म्हणाली, "खिचडी. पण आई नाही खात. आईला उपास असतो."

"बुधवारी कसला उपास?" एका मुलाने विचारलं.

"नसतोच," वैशाली म्हणाली. "म्हणायचं असतं."

बाईंनी इतर उत्तरांसारखंच तेही फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. कौतुक नाही, कीव नाही. मी असते तर पोरीला जवळ घेऊन सगळं बिघडवलं असतं.

दुसऱ्याच दिवशी वैशालीची आई शाळेत आली. बाई हेडमास्तरांपुढे बसलेल्या, मी हजेरी द्यायला गेलेली. आई हळू आवाजात पण तावातावाने बोलत होती. "बाई, यांचं काम गेलंय हे गल्लीत कोणाला माहीत नाही. सकाळी डबा घेऊन निघतात, मलकपेठेला माझ्या भावाच्या दुकानात मागे बसतात, संध्याकाळी येतात. तुमच्या पुस्तकापायी पोरगी घरातलं चारचौघांत सांगायला लागली. उद्या लोकांना कळलं तर हे कोणाला तोंड दाखवणार नाहीत. ते पुस्तक नक्को वाचू बाई." हेडमास्तरांनाही पुस्तक नको होतं. "लोक पुढे चाललेत, आपण रडगाणं कशाला लावायचं? एखादं विनोदी घ्या," ते म्हणाले.

बाईंपुढे पेच होता. पुढच्याच प्रकरणात गोष्टीतले वडील काम नसताना डबा घेऊन घराबाहेर पडतात, असं होतं. पुस्तक बंद केलं तर का केलं ते वैशालीलाच सगळ्यांत आधी कळणार. वाचलं तर तिच्या घरची अब्रू जाणार. बाईंनी आईला शब्द दिला की वैशालीला काही विचारणार नाही आणि ते प्रकरण वगळेन. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं केलं. मला आडोशाआडूनही आवाजातला फरक कळला. बाई घाईने वाचत होत्या.

तास संपत आला तेव्हा वैशाली उभी राहिली. "बाई, मधलं एक प्रकरण राहिलं."

बाईंनी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

"बाबा डबा घेऊन जातात ते. मी सुट्टीत वाचलंय."

बाईंना 'पानं चिकटली असतील' म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "हो. मी गाळलं. चुकलं माझं. तू वाचतेस की मी वाचू?"

"तुम्हीच वाचा," वैशाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते सावकाश वाचलं. माझ्या वर्गाने वह्या मिटल्या आणि मी त्यांना मिटू दिल्या. शेवटी प्रश्न आला. मग वैशालीच म्हणाली, "डबा तसाच परत येतो, बाई. त्यांना तिथे जेवण जात नाही. मग आई तोच सगळ्यांना वाटते." बाईंनी लिहिलं, 'डब्यातलं, सगळ्यांत वाटलेलं.' तेवढ्यात घंटा झाली.

शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "शैलाबाई, माझ्याबरोबर चला. मी शब्द मोडलाय, तो दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मला सांगायचाय." आम्ही वैशालीच्या घरी गेलो. आई दारातच उभी होती. बाईंनी घडलं ते सांगितलं, न सजवता. "तुमच्या मुलीला ते लपवायचं नव्हतं. मला ते उशिरा समजलं. तुम्ही रागवा, मी ऐकून घेईन."

आई रागावली नाही. आतून वैशालीचे वडील बाहेर आले. त्या दिवशी ते लवकर परतले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग आईच म्हणाली, "बाई, आज नुसती खिचडी आहे. जेवूनच जा." आम्ही जेवलो. वाढून झाल्यावर आईने स्वतःचंही ताट घेतलं. बाईंनी ते पाहिलं, हे मी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना वैशालीचे वडील फाटकाशी उभे होते. भर दिवसा, डबा नाही, सगळ्यांच्या देखत. कोणीतरी विचारलं, "आज सुट्टी?" ते म्हणाले, "नाही, काम सुटलंय. शोधतोय." वैशालीने दप्तर त्यांच्या हातात दिलं आणि दोघे चालू लागले. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं गेलं. हेडमास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही.

वैशाली आज काय करते हे लिहिण्याचा मोह होतो. पण तिला विचारल्याशिवाय घरातलं बाहेर कसं सांगू? ती समारंभाला येणार आहे एवढं सांगते.

माझ्यापुरतं मात्र सांगता येईल. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा सगळे फोनवर 'कसं आहे आता' विचारत आणि मी 'ठीक' म्हणे. बाईंचा फोन आला. "शैलाबाई, आज काय शिजलं?" मी म्हटलं, "काही नाही, बाई." आणि मग मला रडू फुटलं. तासाभरात बाई नल्लकुंट्याहून बसने आल्या, दशम्या आणि पिठलं घेऊन. "तोंड धुऊन या," म्हणाल्या. धीराचं एक वाक्य बोलल्या नाहीत आणि मला त्याची गरजही नव्हती.

आता बाई नल्लकुंट्यात एकट्या राहतात. गुडघे कुरकुरतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलंय. कोणी तब्येत विचारली की त्या "उत्तम" म्हणतात. समारंभातही म्हणतील. मी मात्र त्यांना त्यांचाच प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर घाईने आलं तर आमच्यातली एक मुलगी उभी राहून सांगेलच, बाई, मधलं एक प्रकरण राहिलं.

बाईंनी शंभरी पाहावी, डोळ्यांनी वाचत आणि पायांनी चालत पाहावी. त्यांच्या घरी दोन्ही वेळा गरम शिजावं. आणि ज्या दिवशी काही शिजणार नाही, त्या दिवशी त्यांनी तसं खरं सांगावं. 'जेवूनच जा' म्हणायची पाळी आता आमची आहे.