गणांची यादी

माझा पाय पोलिओनं गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते. आई म्हणायची, पायातलं बळ हिच्या जिभेत गेलं. खोटं नव्हतं ते. परळीच्या मोंढ्यात कुणी माझ्या चालीची नक्कल केली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच मी घरी यायचे. चुकचुकणाऱ्या बायांनाही मी सोडत नसे. दया दाखवायची तर आपल्या घरी जाऊन दाखवा, असं तोंडावर सांगायचे.

त्या काळात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, किराणा मोडून रंगीत टीव्हीची एजन्सी घेतली होती. घरोघर केबल येत होती. थर्मल वीजकेंद्रातले साहेब, ऊसवाले, मास्तर, सगळे टीव्ही न्यायला लागले आणि आमच्या घरात पैसा खेळायला लागला. पैसा आला की माणसाला आधी लग्नाची खाज सुटते. अंबाजोगाईच्या एका व्यापाऱ्यानं पोरीच्या लग्नात थर्माकोलचा राजवाडा उभा केला. आप्पा तिथं जेवून आले आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात होतं. परळीनं तोंडात बोट घालावं असं काहीतरी काढ, असं त्यांनी मला फर्मावलं.

मलाच, कारण घरात चित्रं काढणारी मी एकटी. गल्लीतल्या गणपतीचा देखावा दर वर्षी माझ्याच डोक्यातून निघायचा. शिवाय मला दुसरा उद्योग तरी काय होता? सव्वीस वर्षांची, लग्न न जमलेली, आणि धाकटी माझ्याआधी चाललेली. मी आईला एकच अट घातली. करवली मी होणार. नवरीच्या मागं कऱ्हा घेऊन मी उभी राहणार, सगळ्या गावासमोर, फोटोत, व्हिडिओत. धाकटी पुढं गेली म्हणून थोरली तोंड लपवून बसली नाही, हे गावानं बघायला पाहिजे होतं. आई म्हणाली, तूच होणार, दुसरं कोण हाय? त्यासाठी मोरपिशी पैठणी आणली. मी ती रोज उघडून बघायचे, खोटं कशाला सांगू.

पंधरा दिवस मी शोरूममध्ये बसून टीव्ही बघितला. भिंतीभर मांडलेल्या सगळ्या टीव्हींवर एकच गाणं, आणि दर दुसऱ्या गाण्यात बर्फ. हिरोईन पातळ साडीत, हिरो स्वेटरात. बर्फ मला आवडला, पण परळीत बर्फ म्हणजे रसवंतीतली लादी. मग एका सोमवारी आई मला वैजनाथाला घेऊन गेली. पायऱ्या चढणं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी खालीच बसले. तिथं एक महाराज शिवपार्वतीच्या लग्नाची कथा सांगत होते. नवरदेवाच्या वरातीत भुतंखेतं येतात, कुबडे, एकडोळे, वाकड्या पायाचे गण नाचत येतात, आणि ते बघून नवरीच्या आईला भोवळ येते. बाया हसून हसून लोळत होत्या. 'वाकड्या पायाचे' हे मीही ऐकलं आणि मीही हसले. तिथंच ठरलं, कैलास करायचा.

बांबूचा सांगाडा, त्यावर बारदान, बारदानावर जिनिंगमधला कापूस. बर्फाचा प्रश्न सुटला. मंडपवाला म्हणाला, गणांसाठी हैदराबादहून मुखवटे मागवू. मी म्हणाले, मुखवटे शाळेच्या गॅदरिंगला ठेवा, मला खरे चेहरे पाहिजेत. आप्पा खूश झाले. हे अंबाजोगाईवाल्याच्या बापाला सुचलं नसतं, म्हणाले.

मी वहीत गणांची यादी केली. स्टँडसमोरचा बुटका चहावाला. गळ्याला गाठ आलेली भाजीवाली. वीटभट्टीवर तोंड भाजलेला एक गडी. आणि आमच्याच शोरूमचे खोके वाहणारा, पाठीला कुबड असलेला हमाल. प्रत्येकापुढं मी शेरा लिहिला. कुणापुढं 'दात काळे करावेत', कुणापुढं 'जटा लावाव्यात'. हमालापुढं लिहिलं, 'रंग नको, आहे तसा चालेल.' हा शेरा मला इतका आवडला की मी तो धाकटीला मोठ्यानं वाचून दाखवला. दोघी पोट धरून हसलो.

त्या लोकांना विचारायला आप्पांनी मलाच पाठवलं. तू विचारलंस तर न्हाई म्हणायचे न्हाईत, असं ते म्हणाले. मला वाटलं, माझ्या जिभेला घाबरून म्हणणार नाहीत. हमालाला मी सरळ सांगितलं की तुझ्या कुबडाचं कधी नव्हे ते सोनं होणार आहे. तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, घरचं कार्य हाय, येतो. गणांची पंगत मागच्या दारी, पाहुण्यांत नाही, हेही मी त्याला सांगून टाकलं.

लग्नाला दोन दिवस राहिले आणि नवऱ्यामुलाच्या आईचा निरोप आला. करवली म्हणून थोरलीला उभं करू नका. आमची माणसं नाना प्रश्न विचारतात, आणि व्हिडिओत ते कायमचं राहतं. आईनं एका शब्दानं वाद घातला नाही. माझ्या चुलत बहिणीला बोलावून घेतलं आणि मोरपिशी पैठणी तिच्या खांद्यावर टाकून बघितली, माझ्यादेखत. ब्लाउजला टिपा माराव्या लागतील, एवढंच तिचं म्हणणं.

मी धाकटीकडं गेले. तिच्या हातावरची मेंदी मीच काढली होती, अजून ओली होती. वाटलं, ही तरी भांडेल. तिनं माझ्याकडं प्रेमानं बघितलं, खरंच प्रेमानं.

"आक्का, तू गणांत ये ना," ती म्हणाली. "व्हिडिओत बी येशील, अन् त्यांना बी काई म्हणता यायचं न्हाई. तुला तर रंग बी नको."

माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदा लुळी पडली. तिनं टोमणा मारला असता तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, नवरी असली तरी. पण तिनं उपाय सुचवला होता, आणि तोही माझ्याच वहीतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी खाली आले आणि हाताला लागलेली मेंदी धुऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी कुणी मला जेवायलाही हाक मारली नाही, इतकी गडबड होती. मी गच्चीवरच्या खोलीत बसून विचार केला. घरात दडले तर गाव म्हणणार, थोरली जळली. पण खरं कारण दुसरंच होतं. मला आईला शिक्षा करायची होती. मंडपाच्या दारात ती औक्षणाचं ताट घेऊन उभी असणार. गणांच्या रांगेत राख फासलेली आपली पोर बघून तिच्या हातातलं ताट गळून पडावं, तिनं सगळ्यांसमोर हंबरडा फोडावा, विहीणबाईला चार शब्द सुनवावेत. तेवढ्यासाठी मी जायला तयार झाले.

भस्म म्हणून थर्मलची राख आणली होती. तीही माझीच अक्कल. पोती भरून फुकट मिळते, वीटभट्टीवाले तीच नेतात. वैशाखाच्या उन्हात ती घामाला लागली आणि अंगाची नुसती आग झाली. सगळे गण खाजवत होते. मला बघून हमाल जागचा उठला.

"ताई, तुमी हितं कावून?"

गप उभा रहा आणि राख नीट फास, असं मी त्याला झिडकारलं. त्यानं सरकून मला सावलीत जागा करून दिली. भाजीवालीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

बँडच्या पुढं आम्ही निघालो. मंडपाच्या दारात कापसाचा कैलास पांढराशुभ्र उभा होता, आणि खरं सांगते, सुंदर दिसत होता. त्याच्या पायथ्याशी आई. तिनं रांगेवरून नजर फिरवली, ती माझ्यावर आली आणि थांबली. आईनं चटकन पदर डोळ्यांवर घेतला आणि पाठ फिरवली. रडली, मला वाटलं. रडली माझी आई. सगळा राग तिथंच उतरला. तिनं नुसता हात पुढं केला असता तरी मी तिला माफ करून टाकलं असतं.

तेवढ्यात व्हिडिओवाला ओरडला की बँडवाला मधी आला, परत घ्यावं लागंल. आम्हाला वळवून मागं नेलं. आईनं पदर बाजूला केला. डोळे कोरडे होते. "मघाचंच करू," तिनं व्हिडिओवाल्याला विचारलं, "का जरा जास्त भिऊ?"

असं तीनदा झालं. दुसऱ्यांदा आईनं कथेतल्या नवरीच्या आईसारखी बारीक किंकाळीही मारली आणि वऱ्हाड हसलं. तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. घ्या, म्हटलं, बघायचंय ना, बघून घ्या. होता त्याहून पाय वाकडा केला, मान टाकली, जीभ बाहेर काढली आणि धुळीतून अशी फरफटत गेले की टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. आई ताट सावरत हसत होती. तिच्या मागं माझी पैठणी नेसून चुलत बहीण कऱ्हा घेऊन उभी होती.

केसांतून आठ दिवस राख निघत होती. मी कुणाशी बोलत नव्हते, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण घरात येणारा प्रत्येक जण कैलासाबद्दल बोलत होता. आप्पा सगळ्यांना पहिल्यापासून सांगत. कल्पना कुणाची, हे सांगायचं तेवढं त्यांच्याकडून राहून जाई.

मग दिंद्रुडचे एक व्यापारी शोरूमवर आले. आप्पांची त्यांची ओळख नवी, लग्नाला आले होते तेवढीच. त्यांना पोरीच्या लग्नात असाच कैलास पाहिजे होता. घर शोरूमच्या मागंच, मध्ये एक पडदा. मी चहाचा ट्रे घेऊन पडद्यापाशी आले आणि त्यांचं बोलणं ऐकून थांबले.

"आन् ती लंगडी कुठली हो, शेट? लई बेस केलं बघा तिनं. बाकी कुणी नसलं तर चालंल, ती पाहिजेच."

आप्पांनी पडद्याकडं बघितलं. त्यांना माझे पाय खाली दिसले असणार. त्यांनी हळूच मान हलवली, बाहेर येऊ नको म्हणून. दुकानातल्या पोराला पाठव, चहा नंतर आण, काहीही चाललं असतं त्यांना.

मी बाहेर गेले. मुद्दाम. ट्रे धरून, आप्पांच्या तोंडाकडं बघत, सावकाश, पाच पावलं. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता, थोरली. बाकी काही नको होतं. दिंद्रुडवाल्यांनी माझी चाल बघितली आणि मांडीवर थाप मारली. हीच की ती, म्हणाले. मग आप्पांकडं वळले.

"ही कोण तुमची?"

आप्पांनी ट्रेमधला कप उचलून त्यांच्यापुढं ठेवला.

"आमच्याकडंच असती," ते म्हणाले.

पाहुण्यांनी चहा बशीत ओतला आणि लग्नाची तारीख सांगितली.