जाड खुंटीची पाटी

माझा भाऊ हिरामण पाट्या सांभाळायचा. लोक हसायचे, म्हणायचे, पाट्या काय गुरं हायत का सांभाळायला? हसा म्हणावं. हसणाऱ्याचे दात दिसतात, दुसरं काय. तो जाऊन चार वर्षं झाली, आमचे मालकबी गेल्या साली गेले. आता मी बोलले तर कुणाचं काय बिघडायचं नाय.

शिळफाट्यावरून आत वळलं की आमचा पुठ्ठ्याचा कारखाना होता. भाताचा पेंढा आणि चुना लोखंडाच्या मोठ्या गोळ्यात भरायचा, झाकण आवळायचं, वाफेवर शिजवायचा. त्या लगद्याचा पुठ्ठा. शेडी दोन. जुन्या शेडीतला गोळा म्हातारा, त्याला पंचवीसच्या वर दाब सोसायचा नाय. नव्या शेडीतला पंचावन्न दाब आरामात खायचा. दोन्हीकडं गोळ्यासमोर एक फळी, फळीवर तीन खुंट्या, खुंट्यांवर आकड्यांच्या तीन पाट्या. दाब किती, ताप किती, मिनिटं किती. माल बदलला की हिरामण पाट्या बदलायचा. पाटीवर असेल तेच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाय, असा कामगारांना हुकूम होता.

मी तिथं झाडायला होते. मला दादानंच लावलं. मग एका भाऊबीजेला त्यानं विचारलं, "भागू, यंदा ओवाळणीत काय घालू?" मी म्हटलं, "मालकाला चिकटव कारखान्यात." मालक म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण गोष्ट सांगायची तर एकदा घेते, पदू. दादानं त्यांना नव्या शेडीत लावलं. मी त्याला बजावलं होतं, "लावलास तर सांभाळ. माझं दुसरं कुणी नाय." तो म्हणाला, "जसा नेला तसा घरी आणीन." हे त्याचे शब्द. मी विसरले नाय, आणि त्याचं वाईट असं की तोबी विसरला नाय.

दादाची पाट्यांची तऱ्हा सांगते. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळं खाली उतरायचं. पाने, हातोडे, घड्याळं, पाट्या, सगळं. आमी बाया चिंच-राख लावून घासायचो, हळदकुंकू लावून एका चटईवर मांडायचो. आरती झाली की परत जागच्या जागी. आता मी अंगठेबहाद्दर. मला आकडा म्हणजे मुंगीची रांग. पयल्याच वर्षी मी मिनिटांची पाटी दाबाच्या खुंटीला अडकवली. दादानं बघितली म्हणून निभावलं. मी रडायला लागले तर म्हणाला, "तू नको रडू. पाटीच अशी करतो की चुकायला जागाच नाय."

आणि केलीन. आमच्या कोंडाण्याच्या घरी चार रविवार बसून शिवणीच्या लाकडाच्या पाट्या केल्या. दाबाची खुंटी गोल, तापाची तीनकोनी, मिनिटांची चौकोनी. पाटीला भोकं तशीच. शिवाय जुन्या शेडीच्या खुंट्या जाड आणि नव्या शेडीच्या बारीक. नव्याची पाटी जुन्या शेडीत न्याल तर खुंटीवर चढायचीच नाय. उलटं केलंत तर चढेल, पण मग फार तर पेंढा कच्चा राहील, माणूस भाजणार नाय. "चुकलीच तर त्या अंगाला चुकू दे," असं म्हणायचा. नऊ नवम्या मी त्या पाट्या नुसत्या बोटानं चाचपून लावल्या. एकदा चुकले नाय. दादा संध्याकाळी फेरी मारून बघायचा आणि म्हणायचा, "भागू, तू तर मास्तरीण झालीस."

पंच्याहत्तर साली नवा मॅनेजर आला. कपड्याची घडी मोडायची नाय आणि दुसऱ्याचं ऐकायचं नाय, असा. त्याला ती लाकडं बघून कसंसंच झालं. त्यानं पांढऱ्या चकचकीत इनॅमलच्या पाट्या करून आणल्या. सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांना एकच गोल भोक, खुंट्या काढून सगळीकडं एकसारखे खिळे. दिसायला सुंदर होत्या हां, खोटं कशाला बोलू. नव्या कोऱ्या ताटल्याच जणू.

दादा हापिसात गेला तेव्हा मी व्हरांडा पुसत होते.

"साहेब, या पाट्या कुठंबी बसतात," दादा म्हणाला.

"तेच तर चांगलं आहे. एक हरवली तर दुसरी चालेल."

"नाय साहेब. दुसरी चालू नये, म्हणून तर..."

"आकडा लिहिलाय ना वर? खाली शेडचं नाव आहे. वाचता येतं ना तुम्हाला?"

"मला येतं."

"मग इथं कोणाला येत नाही, सांगा. मी बघतो त्याचं."

 दार उघडं होतं, मी ओल्या फडक्यासकट तिथंच होते. दादानं माझं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी झाडू गेली असती. तो बाहेर आला, माझ्याकडं बघितलंन आणि शेडीकडं गेला. नंतर दोनदा गेला, चिठ्ठीबी लिहून दिलीन. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, "दादा, भांड ना जरा." तर म्हणे, "कुणाशी भांडू गं? तो माणूस वाईट नाय. त्याला कळतच नाय की वाचता न येणाऱ्याचाबी हात लागतो."

लाकडाच्या पाट्या त्यानं पोत्यात बांधून घरी नेल्या.

त्या वर्षीची खंडेनवमी. आरती झाल्यावर दादाला साहेबानं वाटायचे नारळ आणि पेढे आणायला कर्जतला धाडलं. पाट्या माझ्यासमोर, सहाच्या सहा, घासून लख्ख. मी एकेक हातात घेऊन बोट फिरवलं. सगळी भोकं सारखी.  मोरू फिटर जवळून चालला होता, त्याला विचारलं, "मोरूभाऊ, ही कुठली रं?" तो घाईत होता. जाता जाता म्हणाला, "लाव गं कुठंबी, सगळ्या एकसारख्याच हायत. हिरामण बघंल मागनं."

मी विचार केला, दादा येईल, बघेल. आजवर बघत आलाय. मला अंदाजानं वाटल्या तशा लावल्या. मला त्या दिवशी कुणी चार माणसांत अडाणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण मला लाज वाटली हो, पुन्हा विचारायची. एवढीच माझी लाज.

दादाची गाडी चुकली. तो रात्रीचा परस्पर घरी गेला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्याच्या पुढल्या दिवशी त्याची पाळी दुपारची, मालकांची सकाळची. आणि मालकांना त्याच सकाळी नव्या शेडीतून जुन्या शेडीत टाकलेलं. तीन वर्षं त्यांनी पंचावन्नच बघितलेला. समोर पाटीवर पंचावन्न दिसला, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाय. पाटीवर असेल तेच करायचं, त्यांनी तेच केलं.

मी अंगण झाडत होते. आवाज आला, शेडीच्या दारातून पांढरी वाफ आली आणि तिच्यातून मालक तोंड धरून चालत आले. झाकणाची चकती फुटून चुन्याचा लगदा सरळ तोंडावर आला होता. "भागू, पाणी," म्हणाले. मी घागर ओतली, दुसरी ओतली, किती ओतल्या ठाऊक नाय. जीव वाचला. डोळे गेले, दोन्ही.

दादा दुपारी आला. दवाखान्यात नाय आला आधी, शेडीत गेला आणि फळी बघितलीन. मग माझ्याकडं आला. मी तोंड उघडणार तोच त्यानं माझा हात घट्ट धरला आणि मान हलवली.

चौकशीत साहेबानं विचारलं, पाट्या कुणी लावल्या? दादा म्हणाला, "कर्जतहून आल्यावर मीच लावल्या." साहेबानं पुढं काही विचारलं नाय. त्यालाबी ते सोयीचंच होतं, त्याच्या चकचकीत पाट्यांचं नाव निघालं नाय. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ना? चोर मी, कोपऱ्यात उभी होते, पदर तोंडात कोंबून. दादाला काढून टाकलं. लगद्यासारखी मऊ माणसं असतात, त्यांचाच पुठ्ठा होतो.

भाऊबीजेला दादा कोंडाण्याहून चालत आला. मालकांनी त्याच्या पायाचा आवाज ओळखला आणि काठी भिरकावली. "त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंस तर मी अन्न सोडीन," म्हणाले. मी ताट घेऊन बाहेर गेले, त्याला पायरीवर बसवून ओवाळलं. हळू आवाजात म्हटलं, "दादा, मी सांगते त्यांना. आजच सांगते."

"नाय. यंदा ओवाळणी तू मला घाल," तो म्हणाला. "गप राहा, तीच ओवाळणी."

"माझ्याच्यानं होणार नाय."

"होईल. त्याला घास कोण भरवतं? तू. तुझा राग आला तर तो कुणाच्या हातचं खाईल? माझा राग त्याला परवडतो, भागू. तुझा नाय परवडायचा."

मग पोत्यातून एक लाकडी पाटी काढून माझ्या हातात दिलीन. जुन्या शेडीची, दाबाची. मोठ्या गोल भोकाची. मी ती तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवली.

नऊ वर्षं मी त्याला पायरीवर ओवाळलं. तो कोंडाण्यात खाटा, पाटबिट करून पोट भरायचा. दर वर्षी मी विचारायची, सांगू का, आणि तो मान हलवायचा. आतून मालक ओरडायचे, गेला का तो.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात दादा गेला. निरोप आला तेव्हा मी मालकांना भात भरवत होते. हात तसाच राहिला. मालक म्हणाले, "काय झालं गं?"

"हिरादादा गेला."

 ते म्हणाले, "माझे डोळे घेऊन गेला."

माझ्या तोंडात आलं होतं सगळं. बोलले असते तर भावाचं नाव तरी धुतलं गेलं असतं. पण मालक तोंड उघडं ठेवून बसले होते, पुढच्या घासासाठी. मी भात कालवला आणि भरवला.