माहरुखबाईंची भिंत

माहरुखबाईंचं शेवटचं चित्र मी चुना मारायला सांगून पुसून टाकलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

केडगावात सगळे त्यांना इराणबाई म्हणत. तेहरानला चित्रकला शिकलेल्या. तिकडे नोकरीला आलेल्या नगरच्या एका इंजिनिअरशी लग्न करून इकडे आल्या. तरुणपणीची चित्रं तिकडेच राहिली. त्यांचं पुढे काय झालं, ते बाईंनाही कळलं नाही.

नवरा गेल्यावर लक्ष्मणरावांची एक खोली भाड्यानं घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

फुलं नाहीत, चेहरे नाहीत. काळ्या रंगाचा जाड थर द्यायचा आणि गवंड्याच्या थापीनं खरवडायचा.

आतलं निळं दिसेपर्यंत.

नगरला त्यांचं एकुलतं एक एक्झिबिशन झालं, तेव्हा मी बातमीत लिहिलं होतं : चित्रे ओल आलेल्या भिंतीसारखी दिसतात. चहा उत्तम होता.

त्यांनी ते कात्रण कपाटावर चिकटवलं.

"शास्त्रीबुवा, तुम्ही निदान बघितलं तरी. बाकीचे नुसता चहा पिऊन गेले."

शास्त्रीबुवा म्हणजे मी. संस्कृत शिकून वार्ताहर झालेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार.

त्यांची मादर, आमची मातृ. त्यांचा बरादर, आमचा भ्रातृ. अशा गप्पा तासन्‌तास चालत.

"शब्दांचं बरं असतं, त्यांना व्हिसा लागत नाही," म्हणायच्या.

स्वतःच्या आईच्या मयतीला त्यांना जाता आलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी पुण्याहून कॅनव्हास आणून द्यायचं काम माझ्याकडे होतं. तीनदा पुण्याला गेलो. तीनदा विसरलो.

मग त्यांचाच फोन.

"कॅनव्हास राहू द्या. त्याच्यावाचून झालं. रविवारी बघायला या."

"कशावर काढलंत?"

"या तर आधी."

तो रविवार एका मंत्र्याच्या दौऱ्यात गेला. पुढचा झोपेत.

त्यानंतरच्या गुरुवारी बाई गेल्या.

दफनाला गेलो, कब्रस्तानातूनच परत फिरलो. खोलीत पाऊल टाकायचा धीर झाला नाही.

महिन्याभरानं लक्ष्मणरावांचा फोन.

"सर, बाईंच्या खोलीला लई ओल धरलीय. पलंगापासून पार वरपत्तर. चाळीसाव्याला त्यांच्या सासरची मान्सं येनार. चुना मारून घिऊ का?"

"मारा की. विचारता काय."

चाळीसाव्याला गेलो. खोली पांढरीशुभ्र.

पलंगाखाली बादली. तिच्यात तेलातली काजळी, कपड्यांची नीळ आणि थापी.

लक्ष्मणराव शेजारी येऊन म्हणाले, "पन इचित्र ओल हुती, सर. हाताला कोरडी लागायची."

त्यांना काय बोलणार? मीही तेच लिहिलं होतं. छापून.

आज सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला.

"सर, ती ओल परत वर आलीय. दुसरा हात मारू का?"

"नका मारू."

"आवो, भाडेकरू यायचाय."

"मी येतोय. तोवर भिंतीला हात लावू नका."

नीळ चुन्यात गेली, ती काही आता दिसायची नाही. काजळी तेवढी फुटून वर येत असणार.

आज रविवार नाही, माहरुखबाई. तरी निघालोय.

श्रद्धांजली, ती चित्र बघून झाल्यावर.