पहिल्या पानाने पाच म खाल्ले

“म संपले,” फोरमन तात्या म्हणाले.

दुपारचा एक वाजून गेला होता. आमचं दैनिक संध्याकाळचं, त्यामुळे तीनपर्यंत पानं मशीनवर चढायलाच हवी होती. मी तिसऱ्या पानाचं मोठं हेडिंग हातात घेऊन गिरगावातल्या आमच्या कंपोझिंग खात्यात उभा होतो. ‘मोर्चाला घाबरून म्हैस माडीवर.’

“संपले म्हणजे?”

“म्हणजे केसमध्ये नाय. अर्धा म पण नाय. नाडकर्णींच्या हेडिंगात गेले.”

सांगायला हवं, की तेव्हा हेडिंगांची मोठी अक्षरं लाकडाची असत. ‘केस’ म्हणजे खणाखणांच्या पेटीतून एकेक अक्षर उचलून ओळीत लावायचं. आमचा छापखाना गरीब, मोठ्या मापाचे म पाचच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत म ला सगळ्या मुंबईत मागणी होती. पहिल्या पानावर नाडकर्णींनी दिलं होतं, ‘मुंबई मिळेपर्यंत मराठी माणूस मागे हटणार नाही.’ मोजून बघा. पाचही गेले.

नाडकर्णी आणि मी दोघेही सब-एडिटर. ते गिरगावातल्या जुन्या घरातले, भाषा धुतलेली, शर्टाला इस्त्री. मी लालबागचा, गिरणी कामगाराचा मुलगा. चहा आधी त्यांच्या टेबलावर जाई आणि मग माझ्या. माझा या माणसामुळे जळफळाट होत असे, आणि तो चहावरून नव्हता. पहिलं पान बघणारे आमचे चीफ-सब नोकरी सोडून चालले होते. त्यांची जागा आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. संपादक अण्णासाहेब सकाळीच म्हणाले होते, “आजचा अंक कसा उठतो ते बघतो आणि ठरवतो.”

पहिलं पान त्यांनी नाडकर्णींना दिलं आणि मला म्हैस.

म्हैस खरी होती. आदल्या संध्याकाळी दादरच्या सभेला निघालेला मोर्चा लालबागेतून गेला. घोषणा आणि ढोल ऐकून तबेल्यातली एक म्हैस उधळली आणि थेट एका चाळीचा जिना चढून वर गेली. चढली खरी, पण उतरेना. रात्रभर गॅलरीत उभी. बायका तिला भाजीची देठं घालत होत्या.

मी जिना चढून नाडकर्णींकडे गेलो.

“एक म सोडा ना. ‘माणूस’ काढा. ‘मराठी’ म्हटलं की माणूस आलाच.”

त्यांनी चष्मा पुसला. “आणि मग तुम्हाला पुरेल?”

“नाही. तीन लागतील.”

“म्हणजे मुंबईही काढू? अहो, एका म्हशीपायी मुंबई सोडू?”

सगळं संपादकीय खातं हसलं. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. ते आपल्याला सुचायला हवं होतं या विचाराने अंगाचा तिळपापड झाला.

खाली तात्या वाट बघत होते. “लवकर बोला. नायतर बारीक टाइप लावतंय.”

बारीक टाइपात माझं हेडिंग म्हणजे चीफ-सबची जागा गेलीच. म नको म्हणजे म्हैस नको, मोर्चा नको, माडी नको, मजलाही नको. तिथेच, शाईने माखलेल्या दगडी टेबलाला टेकून मी लिहिलं, ‘लालबागेत नवी भाडेकरू, खाली उतरेना.’

तात्यांनी वाचलं. ते सहसा हसत नसत. “कोण बाई ती?” त्यांनी विचारलं.

“आत लिहिलंय.”

“मग वाचूक हवं,” ते म्हणाले आणि अक्षरं उचलू लागले.

तो अंक आज माझ्यापुढे आहे. बारीक टाइपातल्या हेडिंगांना म ची ददात नव्हती. एका हेडिंगात ‘पाणी जपून वापरा’, त्याच्या शेजारीच ‘पाइप फुटून रस्ता जलमय’. ‘मिठागरे शेजारी, तरी वडाळ्यात मीठ मिळेना’. ‘कॉटन ग्रीनच्या गोदामात चोर झोपला, पोलिसांनी उठवला’. आम्ही हे सगळं गंभीर चेहऱ्याने छापत होतो.

संध्याकाळी विक्रेत्यांनी पहिलं पान आत दुमडून तिसरं वर आणलं. मुंबई मिळाली पाहिजे हे त्या दिवशी सगळीच पत्रं म्हणत होती. भाडेकरू फक्त आमच्याकडे होती. परळपासून भायखळ्यापर्यंत विक्रेते तिच्याच नावाने ओरडत होते. ही बाई कोण, ती कोणाच्या खोलीत शिरली, हे कळायला लोक पैसे मोजत होते. पुन्हा छपाई करावी लागली. मी मनातल्या मनात चीफ-सबच्या खुर्चीत बसलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी आम्हाला बोलावलं. पहिलं पान नाडकर्णींकडे गेलं.

“साहेब,” मी म्हटलं, “कालचा अंक माझ्या हेडिंगवर खपला.”

“म्हणून तर,” अण्णासाहेब म्हणाले. “पहिल्या पानाला कोणीही मिळेल. तिसरं तुझ्यासारखं कोण लिहिणार? तुला तिथून हलवलं तर अंक कोण घेईल?”

नाडकर्णींनी माझं अभिनंदन केलं. मनापासून केलं, हे जास्त झोंबलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी नाडकर्णींच्या हेडिंगने अर्धं पान व्यापलं होतं. मी तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, दादरला पेढे कसे संपले ते. वडिलांनी अंक घरी आणला. पहिल्या पानाचा कागद सांभाळून वेगळा केला, कणकेच्या खळीने देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवला आणि हात जोडले. कोणी लिहिलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, मी सांगितलंही नाही. उरलेल्या कागदात, म्हणजे तिसऱ्या पानात, दुसऱ्या दिवशी आईने मला भाकरी बांधून दिली.

निवृत्त होईपर्यंत मी तिसऱ्या पानावरच होतो. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. नको असलेलं काम फार चांगलं करू नका. निदान बढतीचा कागद हातात पडेपर्यंत तरी.