शनिवारी ठणठणीत

आंजर्ल्याच्या चढावर रशीदची जुनी व्हॅन पुन्हा बंद पडली. किल्ली फिरवली की खोकायची, चार हात पुढे जायची आणि मुकाट व्हायची. शाळेची पोरं धक्का मारायला आनंदाने उतरली आणि रशीदच्या अंगाचा तिळपापड झाला. जहाजाच्या इंजिनरूममध्ये अर्धी हयात काढलेला माणूस तो, आणि घरची ही डबी त्याला जुमानत नव्हती.

सकाळी शाळेची फेरी, संध्याकाळी हर्णे बंदरावरची मासळी, यावर त्याचं घर चालायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा पोटाला शाळेचीच फेरी. आणि सानवीची आई मृणाली हिने कालच बजावलं होतं, "चाचा, आता उशीर झाला तर मी दुसरी गाडी बघेन." तिने बघितली की बाकीच्या आया तिच्यामागे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

प्लग बदलले, कॉइल बदलली. शनिवारी अर्धी शाळा, म्हणून तेव्हाच तो गाडी केरू मेस्त्रीकडे न्यायचा, आणि तिथे ती शहाण्यासारखी सुरू व्हायची.

"रशीदभाय, गाडीला कायपन झालेलं नाय," केरू म्हणायचा. "तुमीच घाबरवताव तिला."

मग सोमवारी पुन्हा तेच.

"शनवारीच कशी बरी चालते ओ ही?" चढावर बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्याची बायको शमीम म्हणाली. नवऱ्याच्या चिडचिडीला ती पार विटली होती.

रशीदने कप खाली ठेवला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज, म्हणून त्यांच्या लोकांच्या होड्या समुद्रात जात नाहीत. मासळी नाही, म्हणून गाडी धुणंही नाही. एरवी मासळी उतरवली की तो पाइप लावून व्हॅन आतून धुवायचा, आणि इंजिन तर पुढच्या सीटखालीच. त्याने सीट उचलली. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून ओलं होतं. फडक्याने पुसलं, वाळवलं. व्हॅन पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

मृणालीच्या दारात पोहोचला, तेव्हा सानवी दुसऱ्या गाडीत चढत होती.

"राग मानू नका चाचा," मृणाली म्हणाली. "रोजचा उशीर परवडत नाही."

पोरीच्या कपड्यांना माशांचा वास येतो, अशी तक्रार तिनेच केली होती. त्या दिवसापासून रशीदने पाइप हातात घेतला होता. ते आता सांगून काय उपयोग? तो "बरं" म्हणाला. इंजिन एकदाही न अडखळता चालू होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.