भेदरं

माझे सासरे शेवटी घाबरले होते.

वर्षभर मी हे कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आज त्यांचं, मामाजींचं, वर्षश्राद्ध आहे. आत पानं वाढायची खोळंबलीत, मला हाका चालू आहेत, आणि मी परसात उभी राहून मोबाइलवर टाइप करतेय. आत्ता नाही लिहिलं तर मला चैन पडणार नाही.

मामाजी एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. घाटंजीत घर, मागे एवढंसं परस, आणि परसात टोमॅटोच्या तीन ओळी.

तीन ओळी, तीन जाती.

पहिला नर्सरीतून आणलेला गोल हायब्रिड. जाड सालीचा. खिडकीत ठेवला तर आठवडाभर हूं की चूं करत नाही.

मधली ओळ लांबट टोमॅटोची. गर भरपूर, पाणी कमी, भाजीला एकदम बेस्ट.

आणि भिंतीकडेच्या ओळीत ती पसरट, बुटकी झाडं. त्यांना सुपारीपेक्षा जरा मोठे, चांगलेच आंबट टोमॅटो लागायचे. साल इतकी पातळ की सकाळी तोडला तर संध्याकाळी फुटलाच म्हणून समजा.

थंडीत दर रविवारी मामाजी तिन्ही चिरायचे, मीठ भुरभुरायचे आणि ताटली माझ्यापुढे सरकवायचे.

"सांगा सूनबाई."

"गोल." मी साताऱ्याची, सॅलडवाली.

"गोल मुंबईपर्यंत प्रवास करू शकतो. एवढाच त्याचा गुण. हा छोटा फाटकापर्यंत नेला तरी फुटतो. म्हणून तो घरच्यांनीच खायचा."

"आंबट आहे हो."

"मग? टोमॅटो आहे की पेढा?"

लग्न झाल्यापासूनचे दोन्ही हिवाळे हेच चाललं. ते हरायचे नाहीत आणि मी ऐकायचे नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपायची.

मुलाशी, शेजाऱ्यांशी ते वऱ्हाडीत बोलायचे. माझ्याशी पुस्तकी. 'मले'चं 'मला' करायचे, 'कायले'चं 'कशाला'. साताऱ्याच्या पोरीला आपली बोली कळायची नाही, वर ती हसेल, असं वाटत असावं. नवरा पुण्यात शिकलेला, तोही टोमॅटोच म्हणणारा.

मी म्हणायचे, "मामाजी, माझ्याशीही तुमच्यासारखं बोला की."

ते हसायचे. "बोलू ना. घाई काय आहे?"

मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. यवतमाळच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी पलंगाशी मी एकटीच होते. नवरा औषधं आणायला खाली गेला होता.

मामाजींनी मास्क बाजूला केला. माझ्याकडे बघून म्हणाले, "भेदर..."

पुढचं धापेत गेलं.

मी म्हटलं, "भेदरू नका मामाजी. मी आहे ना इथे."

त्यांनी जोरात मान हलवली. परत तेच. "भेदरं... सूनबाई, भेदरं..."

चिमटीत काहीतरी धरून ओढावं तशी त्यांची बोटं चादरीवर चालली होती. मी तो हात घट्ट दाबून ठेवला. भेदरू नका, भेदरू नका, एवढंच म्हणत राहिले.

त्याच दुपारी ते गेले.

आयुष्यभर रातराणी चालवलेला माणूस. रस्त्यात वाघ बसला होता तर गाडी बंद करून तंबाखू मळत बसले, असा त्यांचा किस्सा अख्ख्या घाटंजीला पाठ. हा माणूस जाताना भेदरला, आणि मला त्याला धीर देता आला नाही.

हे वर्षभर डोक्यात घोंगावत राहिलं. भाजी चिरता चिरता हात थांबायचा. परसात मी फिरकलेच नाही. तिन्ही ओळी वाळून गेल्या.

आज सकाळी शमीमभाभी आल्या. आमच्या त्यांच्या परसाची भिंत एकच. हातात वाटी, वाटीत ते छोटे, लालबुंद.

"घे बाई. काकाजीचे भेदरे."

मी म्हटलं, "काय?"

"भेदरे. तुमच्या तिकडं काय म्हन्तेत याले?"

"टोमॅटो."

"टमाटर तं तो बजारातला. हे भेदरं. काकाजी दवाखान्यात होते तवा मीनं पिकलेले तोडले, बी राखेत घोळून ठेवलं. यंदा माह्या आंगनात लावलं. नाई तं जातच गेली असती. अन् तू अशी काहून पाहून राह्यली?"

मी वाटीतला एक चिमटीत धरला.

घाबरले नव्हते ते. भेदरे पिकले असतील, तोडा, बी धरा, एवढंच सांगत होते. बोटांनी तोडूनसुद्धा दाखवत होते. आणि मी तो हात दाबून धरला होता. किती वैतागले असतील माझ्यावर.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी खो खो हसला. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला सुटल्यासारखं वाटतंय आणि चीडही येतेय. वर्षभर मी भलत्याच गोष्टीसाठी रडले.

आणि एक गोष्ट जास्त लागतेय. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याशी त्यांच्या बोलीत बोलले. घरच्या माणसाशी बोलावं तसं. मलाच कळलं नाही.

नवऱ्याच्या आत्याबाई आतून सांगतायत, श्राद्धाच्या पानात टोमॅटो चालत नाही.

बरोबर आहे त्यांचं. टोमॅटो चालत नाही.

मी भेदऱ्याची चटणी वाढणार आहे.

मामाजी, भेदरे तोडले. बी राखलं.

मले समजलं.

आता आरामात जा.