छातीचं हाड

असील जातीच्या कोंबड्यांचं वेड मला वादळानंतर लागलं. दिवेआगरातल्या आमच्या सुपारीच्या वाडीत तेव्हा झाडं पडून नुसतं ऊन उरलं होतं, आणि मला हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं. भावाने एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणून दिल्या. झुंजीसाठी नव्हे, प्रदर्शनासाठी.

पहिल्याच प्रदर्शनात परीक्षकांनी माझा कोंबडा बाजूला काढला. "उभा छान राहतो, पण शेपूट वर आहे. असीलची खाली झुकलेली हवी."

झालं! तेव्हापासून मला फक्त शेपट्याच दिसायला लागल्या. वर शेपटीचा कोंबडा निघाला की तो बोर्लीच्या बाजारात. खाली शेपटीचा ठेवायचा, त्याला तशीच तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, बघायची. पिलं मोठी होईपर्यंत जिवाला स्वस्थता नसे. फोडणी टाकून मी खुराड्याकडे पळायची. हे म्हणायचे, "अगं, तू बघत बसलीस म्हणून शेपूट खाली येणार आहे का?"

बऱ्याच पिढ्यांनी एकदाचा तसा निपजला. तांबडा, मान ताठ, शेपूट पाठीच्या उतारावरून सरळ खाली. यंदा त्याला घेऊन आम्ही दोघं अलिबागकडच्या प्रदर्शनाला निघालो.

दिघीहून आगरदांड्याला जाताना फेरीबोटीत मी टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या कोळणीने वरचं कापड उचलून पाहिलं.

"कितीला देतंस गो?"

"विकायचा नाही, मावशी. दाखवायला नेतेय."

"दाखवायला? लगीन जमवतंस का काय त्याचं?"

सगळे हसले. माझं लक्ष टोपलीत होतं. निघाल्यापासून तो पाणी प्यायला नव्हता.

परीक्षक तेच होते. त्यांनी शेपटीवरून हात फिरवला, पसंतीने मान डोलावली. मी यांच्याकडे पाहिलं. हे आधीच हसत होते. मग परीक्षकांनी त्याला उचललं, छातीखाली बोटं घातली आणि तिथेच थांबले. "हाड वाकडं आहे. लहानपणी अरुंद दांडीवर बसायचा का?"

इतकी वर्षं मी मागूनच बघत आले होते. छातीखाली हात घालावा असं कधी सुचलंच नाही.

"म्हणजे हे रक्तात नाही?" मी विचारलं.

"नसावं. पिलांना फळीवर बसवून बघा."

खुराड्यातली बांबूची दांडी यांनी बांधली होती, मोठ्या हौसेनं. परतीच्या बोटीत धक्का जवळ आला तेव्हा हे म्हणाले, "मला काय माहीत गं?"

"मला तरी कुठे होतं?" मी म्हटलं. तोवर टोपलीतला महाराज पाणी पिऊन खुशाल डुलक्या घेत होता.

घरी आल्यावर यांनी चहासुद्धा घेतला नाही. कोयतीने दांडीचे बंध तोडले आणि वाडीत पडलेली रुंद फळी घासायला बसले. मी एकेक पिलू उचलून त्याच्या छातीखाली बोट फिरवू लागले. पहिल्याचं सरळ लागलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याशी बोट अडखळलं. वाकडं होतं की माझंच बोट चुकत होतं, कळेना. यांना हाक मारली. भुशाने माखलेल्या हातांनी त्यांनी चाचपलं.

"सरळ वाटतंय."

"वाटतंय म्हणजे?"

त्यांनी पिलू माझ्या हातात परत दिलं. मी पुन्हा बोट फिरवलं.